१९२९ सालची माणसे

लता मंगेशकर आणि ॲन फ्रँक ही दोन नावे सहसा एका वाक्यात येत नाहीत. लपून राहताना लिहिलेल्या जिच्या डायरीने पुढे जगाला हलवले ती ॲन १२ जून १९२९ रोजी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये जन्मली आणि लताबाई त्याच वर्षी २८ सप्टेंबरला इंदूरमध्ये, म्हणजे दोघींच्या वयात जेमतेम साडेतीन महिन्यांचे अंतर. एका गावात जन्मल्या असत्या तर एका वर्गात बसल्या असत्या. तरीही ॲन आपल्या मनात कायमची शाळकरी मुलगी आहे, कृष्णधवल छायाचित्रातली, कोण्या दूरच्या काळातली. आणि लताबाई मात्र कालपरवापर्यंत आपल्यात होत्या, ६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या गेल्या तेव्हा घराघरांतल्या दूरदर्शन संचांवर शिवाजी पार्क दिसत होते. एक इतिहासात जमा झाली आणि दुसरी आपल्या वर्तमानाचा भाग राहिली, याचे कारण जन्मसालात नाही. ॲनला पंधरा वर्षे मिळाली आणि लताबाईंना ब्याण्णव, एवढाच तो फरक आहे. पण कोणी किती जगले त्यावरून ते माणूस कोणत्या काळातले हे आपण नकळत ठरवून टाकतो, आणि त्या हिशेबात आपली नेहमीच फसगत होते.

जन्मसालानुसार केलेल्या याद्या मला पूर्वी अगदी निरर्थक वाटत. अमक्या साली जन्मलेले गायक, शास्त्रज्ञ, हुकूमशहा आणि खेळाडू एका पानावर रांगेने उभे करण्याने कोणाबद्दलही काही कळत नाही, असे माझे मत होते. पत्रिका मांडणाऱ्यांना कदाचित त्यात काही अर्थ दिसत असेल. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे मुक्काम करतो, त्यामुळे एका वर्षीच्या बहुतेकांचा शनी एकाच राशीत बसतो. परंतु १९२९ सालची यादी समोर ठेवली तर शनीला हे सगळे झेपले असेल असे वाटत नाही. १५ जानेवारीला अमेरिकेत अटलांटा शहरी मार्टिन ल्यूथर किंग, १० मार्चला वेंगुर्ल्यात मंगेश पाडगांवकर, १ एप्रिलला ब्रनो येथे चेक कादंबरीकार मिलान कुंदेरा, ४ मे रोजी ब्रसेल्समध्ये अभिनेत्री ऑड्री हेपबर्न, २९ मे रोजी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज, १ जूनला नर्गिस, १८ जूनला जर्मनीत तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास, ९ नोव्हेंबरला बुडापेस्टमध्ये कादंबरीकार इम्रे केर्तेस. नोबेल मिळालेले यांत तिघे आहेत, आणि त्या तिघांच्या नोबेलांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

पिढी कशाने बनते, या प्रश्नावर कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाचा एक मोठा निबंध आहे. तो १९२८ साली, म्हणजे ही मंडळी जन्मण्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झाला. मानहाइमचे म्हणणे असे की, केवळ एका वर्षी जन्मल्याने माणसे एका पिढीची होत नाहीत. त्यांच्या वाट्याला सारख्या वयात सारखाच इतिहास यावा लागतो. त्यासाठी त्याने दिलेले उदाहरण फार मार्मिक आहे: सन १८०० च्या सुमारास चीनमध्ये तरुण असलेली माणसे आणि जर्मनीत तरुण असलेली माणसे यांना कोणीही एका पिढीची म्हणणार नाही. सन १८०० पुरते हे बरोबरच आहे. बीजिंगमधल्या मुलाला युरोपातल्या क्रांतीची झळ लागण्याचे काही कारण नव्हते. मात्र मानहाइमचा निबंध ताजा असतानाच जग बदलत होते. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि त्याचे धक्के शेतमालाच्या भावांपर्यंत, खंडोखंडी पोहोचले. त्यानंतर दहा वर्षांनी जे युद्ध सुरू झाले त्यापासून पुरते अलिप्त राहणे तर कोणत्याच खंडाला जमले नाही. त्यामुळे १९२९ साली जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत मानहाइमची अट बऱ्याच अंशी पुरी झाली. ही मुले १९४४ साली पंधरा वर्षांची होती, किंवा त्या उंबरठ्यावर होती. एवढी एक गोष्ट लक्षात घेतली की ती निरर्थक यादी एकाएकी बोलू लागते.

पंधरा हे वय मोठे चमत्कारिक आहे. मूल म्हणून दया मिळण्याचे दिवस सरलेले असतात आणि सैनिक म्हणून बंदूक मिळण्याचे दिवस आलेले नसतात. शांततेच्या काळात त्याने फारसे बिघडत नाही. १९४४ सालच्या युरोपात मात्र या वयाला प्राणांचे मोल होते.

ॲन आणि ऑड्री या दोघींची गोष्ट त्यासाठी शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवी. दोघींपैकी एकही हॉलंडमध्ये जन्मलेली नाही. हिटलर सत्तेवर आल्यानंतर ॲनचे वडील ओटो फ्रँक यांनी आपले ज्यू कुटुंब फ्रँकफुर्टहून ॲम्स्टरडॅमला हलवले, कारण तिथे सुरक्षित राहता येईल असे त्यांना वाटले. ऑड्री इंग्लंडमध्ये शिकत होती. १९३९ साली युद्ध सुरू होताच तिच्या डच आईने तिला आर्नहेमला आणले, कारण पहिल्या महायुद्धाप्रमाणे या वेळीही हॉलंड तटस्थ राहील आणि लंडनपेक्षा तिथे कमी धोका असेल, असा तिचा अंदाज होता. अंदाज मुळीच वेडगळ नव्हता. मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या आणि मायेपोटी घेतलेले दोन्ही घरांतले निर्णय एकाच वेळी चुकीचे ठरले.

फ्रँक कुटुंब ६ जुलै १९४२ पासून प्रिन्सेनग्राख्त २६३ या इमारतीच्या मागच्या भागात लपून राहिले आणि ४ ऑगस्ट १९४४ रोजी पकडले गेले. हॉलंडमधल्या वेस्टरबोर्कच्या छावणीतून आउशविट्झच्या मृत्युछावणीकडे गेलेली शेवटची गाडी ३ सप्टेंबरची. त्या गाडीत ॲन होती. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, १७ सप्टेंबरला, दोस्तांच्या छत्रीधारी फौजा आर्नहेमजवळ उतरल्या आणि लंडनमधल्या डच सरकारच्या सांगण्यावरून हॉलंडमधल्या रेल्वे कामगारांनी संप पुकारला. ते दोन आठवडे कोणाच्या हातातले नव्हते, तरी तारखांचे हे कोष्टक वाचताना माझे बोट तिथेच अडते. ॲन पुढे बेर्गेन-बेलसेनच्या छावणीत, १९४५ च्या आरंभी, आजाराने गेली.

त्याच रेल्वे संपाची दुसरी बाजू ऑड्रीच्या वाट्याला आली. संपाचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा रोखला, त्यात कडाक्याची थंडी पडली, आणि त्या उपासमारीच्या हिवाळ्यात सुमारे वीस हजार माणसे दगावली. आर्नहेमजवळच्या वेल्प या गावात राहणारी ऑड्री वाचली, पण रक्तक्षय, कावीळ आणि अंगावर सूज घेऊन वाचली. पुढे जगाने जिच्या सडपातळपणाचे कौतुक केले, त्या देहाला हा हिवाळा माहीत होता. आपल्याकडच्या वाचकाला ही उपासमार नवखी वाटू नये; जेमतेम वर्षभर आधी बंगालमध्ये तिच्याहून कितीतरी पटींनी मोठा दुष्काळ पडून गेला होता. तिथेही पंधरा वर्षांची मुले होतीच, परंतु त्यांची नावे कोणत्या जन्मसालाच्या यादीत येत नाहीत.

आता केर्तेसची हकिकत. १९४४ च्या उन्हाळ्यात, चौदा वर्षांचा असताना, त्याला बुडापेस्टमध्ये पकडून आउशविट्झला आणि तिथून बुखेनवाल्डला नेण्यात आले. २००२ साली साहित्याचे नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणात त्याने एक प्रसंग सांगितला. बुखेनवाल्ड स्मारकाच्या संचालकांकडून त्याला एक पाकीट आले होते; त्यात १८ फेब्रुवारी १९४५ या दिवसाच्या छावणीच्या दैनिक अहवालाची प्रत होती. कैद्यांची संख्या किती घटली, या रकान्यात कैदी क्रमांक ६४,९२१ च्या मृत्यूची नोंद होती: इम्रे केर्तेस, कारखाना कामगार, जन्म १९२७. मृत्यूची नोंद खोटी होती हे तर उघडच आहे. उरलेल्या दोन खोट्या गोष्टी मात्र त्याने स्वतःच सांगितल्या होत्या. मुलांच्या रांगेत उभे केले जाऊ नये म्हणून त्याने आपले वय दोन वर्षांनी वाढवले होते, आणि विद्यार्थ्यापेक्षा कामगार अधिक उपयोगी वाटेल म्हणून तसे लिहवले होते. जन्मसाल ही निव्वळ आकड्याची बाब आहे असे म्हणणाऱ्याने हा कागद पाहावा. आउशविट्झच्या फलाटावर १९२९ आणि १९२७ यांमध्ये जे अंतर होते ते दोन वर्षांचे नव्हते.

जन्मसालाचा आणि सरकारी कागदाचा असा खेळ आपल्याकडेही चाले, अर्थात फार सुखाच्या कारणांनी. महाराष्ट्रात एका विशिष्ट वयाच्या पुढच्या माणसांना वाढदिवस विचारला तर आश्चर्य वाटावे इतक्या जणांचा १ जून निघतो, कारण शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी वय मोजण्याच्या सोयीने १ जून लिहून मोकळे होत. माझ्या आजोबांच्या दाखल्यावरही हीच तारीख होती. घरातल्यांच्या मते ते श्रावणातले, आणि साल एक मागे की पुढे यावर त्यांच्या दोन्ही बहिणींचे कधीही एकमत झाले नाही. त्यांची निवृत्ती दाखल्याप्रमाणे झाली आणि वाढदिवसाचे औक्षण तिथीप्रमाणे. या दोन आजोबांत काही महिन्यांचे अंतर आहे याची खंत कोणालाच नव्हती. नर्गिसचा १ जून मात्र खरा असावा असे मी समजतो.

जर्मनीत त्या वयाचा अर्थ आणखी वेगळा होता. तिथे १९२६ ते १९२८ या सालांत जन्मलेली शाळकरी मुले विमानविरोधी तोफांवर मदतनीस म्हणून घेतली गेली होती, आणि युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत १९२९ च्या मुलांपर्यंतही बोलावणी येऊ लागली होती. तोवर युद्ध संपले. पुढे पश्चिम जर्मनीने सक्तीची लष्करी सेवा पुन्हा सुरू केली तेव्हा ती १९३७ च्या उत्तरार्धात जन्मलेल्यांपासून. त्यामुळे १९२९ पासून पुढच्या आठनऊ वर्षांतल्या बहुसंख्य मुलांना ना हिटलरच्या सैन्याने घेतले ना लोकशाही जर्मनीच्या. १९३० साली जन्मलेले चान्सलर हेल्मुट कोल यांनी उशिरा जन्मल्याच्या कृपेचा उल्लेख केला होता आणि त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. हाबरमासला ही कृपा एवढी स्वस्त वाटली नसावी. तोही हिटलरच्या बालसंघटनेतून गेलेला मुलगा होता; पंधरा-सोळाव्या वर्षी न्यूरेंबर्गच्या खटल्याचे वृत्तांत रेडिओवर ऐकताना आपण कशात वाढलो हे त्याला कळले, आणि १९८६ साली काही इतिहासकार नाझी गुन्ह्यांना इतर हत्याकांडांच्या रांगेत बसवून सौम्य करू लागले तेव्हा सर्वांत कडाडून विरोध त्यानेच केला. उशिरा जन्मलेल्याने निदान स्मरण तरी नीट ठेवावे, असा त्यामागचा न्याय मला दिसतो.

अटलांटिकपलीकडे किंगच्या आयुष्यातला एप्रिल १९४४ हा एका बसप्रवासाचा महिना आहे. जॉर्जिया राज्यातल्या डब्लिन गावी कृष्णवर्णीय आणि अमेरिकेची राज्यघटना या विषयावरच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलून तो आपल्या शिक्षिकेबरोबर परतत होता. वाटेत गोरे प्रवासी चढले आणि चालकाने या दोघांना जागा रिकामी करायला सांगितले. तो उठेना, अखेर बाईंनी समजावले म्हणून उठला आणि अटलांटापर्यंतचे सुमारे नव्वद मैल उभ्याने गेला. आयुष्यात इतका संताप पुन्हा कधी आला नाही, असे त्याने नंतर सांगितले. त्याच वर्षी, पंधराव्या वर्षीच, तो महाविद्यालयात दाखल झाला. हुशार तर तो होताच, पण तरुण मुले युद्धावर गेल्याने मोरहाउस कॉलेजचे वर्ग ओस पडले होते आणि म्हणून प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या शाळकरी मुलांना तिथे घेतले जात होते. ज्या युद्धाने ॲनची शाळा हिरावून घेतली, त्याच युद्धाने किंगची शाळा लवकर संपवली.

आणि लता मंगेशकर तेव्हा कोल्हापुरात होत्या. मास्टर दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात गेले, त्या वेळी घरातले हे थोरले मूल बारा वर्षांचे होते. मास्टर विनायकांच्या कंपनीत पगारावर छोट्या भूमिका करायच्या, रंग लावून दिव्यांसमोर उभे राहायचे, आणि ते मुळीच आवडत नसताना आई आणि चार भावंडांसाठी करायचे, असा तो काळ. युद्ध इथपर्यंत कसे आले असेल असे वाटते. पण कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी १९४३ पासून पोलंडच्या निर्वासितांची मोठी छावणी होती. सोव्हिएत सत्तेने सैबेरियापर्यंत हाकलून दिलेली ही कुटुंबे इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि त्यांतले सुमारे पाच हजार लोक, बहुतांश बायका आणि मुले, १९४८ पर्यंत पंचगंगेच्या परिसरात राहिले. त्यांच्यासाठी तिथे शाळा होत्या, चर्च होते, दुकाने होती. सैबेरियाचा हिवाळा पाहून आलेल्या पंधरा वर्षांच्या पोलिश मुली आणि बापाच्या माघारी कमावती झालेली पंधरा वर्षांची मराठी मुलगी काही मैलांच्या अंतरावर राहत होत्या. मानहाइमने १८०० सालच्या चीन-जर्मनीबद्दल जे लिहिले, ते १९४४ सालच्या कोल्हापूर आणि पोलंडबद्दल त्याला लिहिता आले नसते.

पुढच्या पंधरा वर्षांनी हे लोक तिशीला आले. फेब्रुवारी १९५९ मध्ये किंग पत्नी कोरेटासह भारतात आला. मुंबईत विमानतळावरून जाताना पदपथावर झोपलेली माणसे पाहून तो हादरला, आणि याच मुंबईतल्या मणिभवनात, गांधीजींच्या निवासस्थानी, मुक्काम करून भारावला. पाडगांवकर आणि लताबाई त्या वेळी याच शहरात होते, तिघेही एका वयाचे. पार्श्वगायनासाठी फिल्मफेअर पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तो याच वर्षी, ‘मधुमती’तल्या ‘आजा रे परदेसी’साठी, लताबाईंना. ॲनच्या डायरीवरचा हॉलिवूडचा चित्रपटही १९५९ चाच. त्यातली मुख्य भूमिका ऑड्रीने नाकारली होती. तिने ती डायरी युद्धानंतर लगेच, पुस्तक बाजारात येण्याच्या आधी, डच भाषेत वाचली होती. ओलिसांना गोळ्या घातल्याची नोंद ॲनने केली आहे. ऑड्रीचा काका ऑगस्ट १९४२ मध्ये तसाच ओलीस म्हणून मारला गेला होता, आणि ते पान वाचताना आपल्याच घरची हकिकत वाचत असल्यासारखे झाले, असे ती सांगत असे. ओटो फ्रँक स्वतः तिला भेटले, तरी तिने नकारच दिला. तिशीला टेकलेल्या बाईने पंधरा वर्षांची मुलगी होऊ नये, हे एक कारण होतेच. पण ही मुलगी आपल्याच वयाची होती, हे कारण मला अधिक खरे वाटते. पुढे १९९० साली युनिसेफसाठी तिने वाद्यवृंदाच्या साथीने त्या डायरीतले उतारे जाहीरपणे वाचले. भूमिका केली नाही, फक्त वाचले.

पाडगांवकरांना जागतिक यादीत सहसा कोणी घेत नाही, पण मी घेतो. ‘श्रावणात घननिळा बरसला’ हे त्यांचे गीत खळ्यांच्या चालीवर लताबाईंनी गायले, आणि १९२९ ची ही एक जोडी मराठी कानांना कायमची मिळाली. त्यांचा ‘सलाम’ हा संग्रह १९७८ सालचा, आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते तेव्हाचा; समोर येईल त्या बळजोराला भीतीपोटी सलाम ठोकत जाणाऱ्या माणसाचा उपहास त्यात आहे. कुंदेराच्या कादंबऱ्यांतही सत्तेपुढे वाकणारी आणि न वाकल्याची किंमत मोजणारी माणसे आहेत. १९७९ साली चेकोस्लोव्हाकियाने कुंदेराचे नागरिकत्व काढून घेतले आणि १९८० साली ‘सलाम’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडच्या संस्थांबद्दल मी नेहमी बरे बोलतो असे नाही, पण या दोन सालांची तुलना करताना बोलावेसे वाटते.

वयाचा हिशेब सर्वांत विलक्षण जुळतो तो १९६४ सालच्या ऑक्टोबरात. १४ ऑक्टोबरला किंगला शांततेचे नोबेल जाहीर झाले. पस्तिसाव्या वर्षी ते मिळवणारा तो तोवरचा सर्वांत तरुण मानकरी होता. त्यानंतर पाच दिवसांनी एडिंबरा विद्यापीठातल्या पस्तीस वर्षांच्या पीटर हिग्जचा अगदी छोटासा निबंध एका अमेरिकी नियतकालिकात छापून आला. त्याआधीचे त्याचे टिपण एका युरोपीय नियतकालिकाने परत पाठवले होते, म्हणून त्याने त्यात भर घालून ते दुसरीकडे धाडले. आणि एका नव्या कणाचे भाकीत त्या भरीतच आले. किंगला त्यानंतर साडेतीन वर्षे मिळाली. ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस शहरात त्याचा खून झाला तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता. हिग्जच्या कणाला सापडायला २०१२ साल उजाडले. जिनिव्हाजवळ जमिनीखाली सत्तावीस किलोमीटर घेराचे यंत्र बांधून होईपर्यंत त्याने जगणे आवश्यक होते, आणि तो जगला. ॲनला, किंगला ज्या कामासाठी वर्षे पुरली नाहीत ती कामे इतरांनी पुढे नेली. हिग्जला मात्र वाट पाहण्याखेरीज काही करायचे नव्हते आणि ते त्याने अठ्ठेचाळीस वर्षे केले.

८ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याला नोबेल जाहीर झाले तेव्हा तो चौऱ्याऐंशी वर्षांचा होता आणि कोणालाच सापडत नव्हता, कारण त्याच्याजवळ मोबाइल नव्हता आणि पत्रकारांना चुकवून तो दुपारच्या जेवणासाठी बाहेर पडला होता. परतताना रस्त्यात त्याच्या जुन्या शेजारीणबाईंनी मोटार थांबवली आणि त्या बातमीबद्दल त्याचे अभिनंदन केले. हिग्जने विचारले, कसली बातमी?